वाटाणे कोण भिजत घालणार?

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीतली रात्र. आमचा गणपती पाच दिवसांचा. मुंबई-पुण्याचे चाकरमानी आलेले, घरात 22 माणसं. चौथ्या रात्री भजन उरकून मंडळी पुढच्या घरी गेली, बारा वाजून गेले आणि आम्ही बायका माजघरात ओळीने आडव्या झालो. डोळा लागतो न लागतो तोच माझी धाकटी जाऊ दचकून उठून बसली. "वैनीनू, वाटाणे भिजत घालूचे रवले!" अंधारातच ती स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हुंदका. मी जाऊन बघते तर ती ओट्याखाली फरशीवर बसलेली, मांडीवर वाटाण्यांचा डबा, आणि रडणं काही थांबत नव्हतं. काळे वाटाणे रात्रभर भिजले नाहीत तर दुसऱ्या दिवशी वड्यांबरोबर सांबारं व्हायचं नाही, घडलं होतं ते एवढंच. त्यासाठी ती अर्धा तास रडली.

आवाजाने माझा दीर उठून आला. माणूस चांगला आहे, बायकोवर कधी आवाज चढवत नाही. तो म्हणाला, "अगो, माका सांगूचा होता." सासूबाई आतून म्हणाल्या, "रगात कमी झाला आसतला तिचा."

मला जे सांगायचं आहे ते या दोन वाक्यांबद्दल आहे.

आधी सासूबाईंचं वाक्य घेते, कारण ते मी स्वतः आयुष्यभर बोलत आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून मी 31 वर्षं काढली. उपकेंद्रात येणारी बाई माझं मन बरं नाही असं कधी सांगत नाही. ती सांगते, हातपाय गळतत. मान भरून येते, पाठ धरते, अंगावरून पांढरं जातं, सकाळी उठून काय करूकच नको वाटता. आम्ही तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचो, जीभ बघायचो आणि लाल गोळ्या हातात ठेवायचो. गोळी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. लोहाची गोळी हवीच. पण जिचं रक्त बरं आहे तिलाही तीच गोळी, पुढच्या महिन्यात पुन्हा तीच, आणि थकवा जागच्या जागी, अशा बायका मी शेकड्यांनी बघितल्या आणि त्यांना पुढचा प्रश्न कधी विचारला नाही.

तो प्रश्न आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात, विचारला गेला होता. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 ते 50 वयाच्या सुमारे 2,500 बायकांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष 2005 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. शंभरातल्या बारा बायकांनी सांगितलं की सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा जात नाही. या बायकांचं हिमोग्लोबिन तपासलं, तर थकव्याचा आणि हिमोग्लोबिनचा संबंध लागेना. संबंध लागला तो गरिबीशी, मनाच्या त्रासाशी आणि घरात बाई म्हणून वाट्याला येणाऱ्या वागणुकीशी. हा लेख माझ्या हाती पडला तेव्हा निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्याच्या आधी, 2002 साली, याच मंडळींनी गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या 23 जणींना नैराश्याचा आजार होता. कशाने? पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, घरातली मारहाण, आणि मुलगी झाली म्हणून पडलेले चेहरे. यातल्या कशावरही गोळी नाही. याच अभ्यासातून पुढच्या वर्षी, 2003 साली, आणखी एक गोष्ट पुढे आली जी प्रत्येक सासूने ऐकावी: आईच्या नैराश्याचा संबंध बाळाच्या वजनाशीही दिसला. आम्ही वाडीवाडीत वजनकाटा घेऊन फिरलो. बाळाला झोळीत घालून ग्रॅम मोजले आणि झोळी धरून उभ्या असलेल्या आईकडे बघितलं नाही.

बाळंतिणीच्या नैराश्याला कारणं अनेक असतात हे मला माहीत आहे. शरीरातले बदल असतात, आधीचा आजार असतो, कर्ज असतं, एखादीचं मूल दगावलेलं असतं. कामं वाटून घेतली की आजार पळेल असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की थकव्याचं कारण शोधताना आम्ही बाईचं बोट टोचलं, तिच्या घरात डोकावलो नाही.

आता दिराचं वाक्य. माका सांगूचा होता.

आपल्या कोकणातल्या घरांची कामाची वाटणी मुळात घरात नसलेल्या पुरुषाला धरून झालेली आहे. आमच्या आजेसासऱ्यांची पिढी गिरणगावात गेली. तो लालबाग-परळच्या खोलीत, मनीऑर्डर महिन्याला, आणि इथे शेत, गुरं, म्हातारी माणसं, पोरं सगळं बाईच्या अंगावर. 2011 च्या जनगणनेतसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गातही हजाराच्या वर. त्या आकड्यात मुंबईला गेलेल्या पुरुषांच्या रिकाम्या जागा आहेत. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात तो पंधरा दिवस यायचा. पंधरा दिवसांसाठी आलेल्या माणसाला कोण भांडी घासायला लावील? त्याला कोंबडी-वडे करून घालायचे, त्याचे कपडे धुऊन घडी करून ट्रंकेत भरायचे, एसटीत बसवून द्यायचं. वर्षभर आठ बाय दहाच्या खोलीत दहा जणांबरोबर राहिलेल्या माणसाचं ते कौतुक योग्यच होतं. देवळात गाऱ्हाणं घालतानाही चाकरमान्यांना सुखी ठेव म्हणून मागणं असतं आणि सगळे 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात. घर धरून बसलेल्या बाईसाठी वेगळं मागणं मी तरी आमच्या देवळात ऐकलेलं नाही.

1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, माणसं परतली. पुढे इथेच कुणाची रिक्षा झाली, कुणाची कलमांची बाग, कुणी ग्रामपंचायतीत लागला, कुणी होडी घेतली. पुरुष आता बारा महिने घरात आहे. पण घरातलं त्याचं वागणं अजून रजेवर आलेल्या माणसाचं आहे, आणि घरचेही त्याला तसंच वागवतात. ताट समोर येतं, पाण्याचा तांब्या समोर येतो. उठून काही केलं तर सगळे बघतात.

तिकडे बाईच्या बाजूचं माणूसबळ मात्र सरलं. माझं लग्न झालं तेव्हा घरात पाच बायका होत्या. एक लावणीला गेली तर दुसरी पोरं बघायची, तिसरी पेज टाकायची. मी त्या घराचे गोडवे गाणार नाही, त्या घरात सासुरवासही पोटभर होता. पण बाळंतीण सव्वा महिना एकटी नसायची. अंगाला तेल लावणारी, न्हाऊ घालणारी, शेक देणारी, रात्री मूल रडलं तर घेऊन बसणारी कुणीतरी असायची. आज माझ्या धाकट्या जावेजवळ कोण आहे? सासूबाई 81 वर्षांच्या, त्यांचंच करावं लागतं. मी तालुक्याच्या गावी. दुसरी जाऊ डोंबिवलीला. पाच बायकांचं काम एकीवर आलं आहे आणि त्यात नवं काम वाढलं आहे.

नवं काम म्हणजे पर्यटन. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा आम्हाला आनंद झाला, आजही आहे. पोरांना गाव सोडावं लागत नाही. पण 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशा पाट्या मालवण-देवबाग-तारकर्लीपासून वेंगुर्ल्यापर्यंत जागोजागी दिसतात, त्यातलं 'घरगुती' म्हणजे काय? आमच्याच घरी दोन खोल्या आहेत. फोन दीर घेतो, पाहुण्यांना होडीवर तोच नेतो, पैसे त्याच्या खात्यात येतात, आणि गावात त्याला धंदा करणारा म्हणून ओळखतात. खोबरं वाटायचं, मासळी साफ करायची, सकाळचे घावने, दुपारची दहा ताटं, रात्री साडेदहाला 'सोलकढी आहे का' म्हणून विचारणारे पाहुणे, चादरी धुणं, हे सगळं ती करते आणि ते घरकामात जमा होतं. दोन पोरं, एक तेव्हा दीड वर्षाचं. सरकारी कागदावर ती गृहिणी आहे.

कुणाला हा एका घराचा किस्सा वाटेल म्हणून देशाचा हिशेब सांगते. सरकारच्या वेळ-वापर पाहणीत 2019 साली घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवत होत्या. पुरुषांपैकी साधारण चौथा हिस्साच घरकामाला हात लावत होता, आणि जे लावत होते त्यांची सरासरी 97 मिनिटं. 2024 साली पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं 289 झाली. दहा मिनिटं कमी झाली म्हणून बरं वाटलं, मग शेजारचा आकडा बघितला: पुरुषांची 97 वरून 88 वर आली होती. म्हणजे बाईची दहा मिनिटं पुरुषाने उचललेली नाहीत. गॅस आला, नळ आला, मिक्सर आला, त्यांनी दोघांचंही थोडं कमी केलं असावं, असा माझा अंदाज. यंत्राने काम कमी होतं. वाटणी यंत्राने बदलत नाही.

आणि जे मिनिटांत मोजता येत नाही ते अजून सांगितलेलंच नाही. वाटाणे भिजत घालायला अर्धं मिनिट लागतं. भांड्यात ओतले, पाणी घातलं, झाकण ठेवलं. पण ते आदल्या रात्री आठवावं लागतं, आणि आठवण्यासाठी उद्या काय शिजणार, किती माणसं, कुणाला चालत नाही, डब्यात शिल्लक किती, हे सगळं संध्याकाळपासून डोक्यात फिरत ठेवावं लागतं. त्याच डोक्यात पोराच्या डोसाची तारीख, सासूबाईंची ब्लडप्रेशरची गोळी, मिरगाआधी भरायची सुकटीची बेगमी, शाळेच्या ग्रुपवर आलेला निरोप. माझा दीर आंबोळ्या उत्तम घालतो, मी खाल्ल्या आहेत. पण पीठ आदल्या दिवशी भिजलेलं, वाटलेलं, आंबलेलं त्याला तयार मिळतं. अ‍ॅलिसन डॅमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2019 साली हेच नीट मांडलं: घरातल्या या डोक्याच्या कामाचे चार भाग असतात, पुढची गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवताना नवरा बरोबर असतो. पहिलं आणि शेवटचं बहुतेक करून बायकोकडे राहतं. अमेरिकेतली घरं आणि आपली वाडी यांत समुद्राएवढं अंतर आहे, तरी हे वाचताना मला आमचं स्वयंपाकघर दिसलं.

म्हणून 'माका सांगूचा होता' हे वाक्य मला टोचतं. ते प्रेमाने म्हटलेलं असतं, यात शंका नाही. पण सांगायचं म्हटलं की आठवायचं पुन्हा तिनेच. अंगमेहनतीने माणूस दमतो आणि झोपला की उठतो. आठवण झोपू देत नाही. बारा वाजून गेल्यावर दचकून उठलेली बाई मी बघितली आहे.

यावर मला तीन उत्तरं मिळतात, घरातसुद्धा. पहिलं, पुरुष बाहेर राबतो. खरं आहे. पहाटे तीनला समुद्रावर जाणाऱ्या माणसाने घरी येऊन निम्मी भाकरी भाजावी असं मी म्हणणार नाही. पण त्याने आणलेली मासळी पाटीत घेऊन बाजारात बसणारी त्याची बायकोही राबतेच, काजूच्या कारखान्यात दिवसभर उभी राहणारीही राबते, आणि त्या दोघी संध्याकाळी घरी परत येतात तेव्हा त्यांचा दिवस संपलेला नसतो. शिवाय पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत जाळी विणून उरलेला वेळ कुठे जातो हे प्रत्येक किनाऱ्यावरच्या बाईला विचारावं.

दुसरं उत्तर, आमच्या आया-आज्यांनी केलं, त्यांना कुठे नैराश्य आलं? आलं होतं. त्याला तेव्हा वेगळी नावं होती. कुणाला 'बाहेरचं' लागायचं, कुणी तिन्हीसांजेला विहिरीवर जाऊन बसायची, कुणी बाळंतपणानंतर महिनाभर बोललीच नाही म्हणून माहेरी पाठवली. माझ्या माहेरच्या वाडीत एक बाई सहा महिन्यांचं मूल मागे ठेवून विहिरीत गेली, आणि गावाने पाय घसरला म्हणून मिटवलं. आज्यांनी सोसलं ते आम्ही ताकद समजलो.

तिसरं उत्तर सर्वांत अवघड, कारण त्यात तथ्य आहे: बायकाच पुरुषांना करू देत नाहीत. माझा दीर एकदा ताटं घासायला बसला तर सासूबाईंनी त्याच्या हातातून काथ्या काढून घेतला. मीही माझ्या मुलाला लहानपणी पेजेचा वाडगा उचलायला लावला नाही, मुलीला लावला. याची मला लाज वाटते आणि मी ते सुनेला सांगितलं आहे. ज्या बाईला आयुष्यभर घर हाच एक हक्क मिळाला ती तो सहजी सोडत नाही. तरीही या कारणाआड पुरुषाने लपू नये. आईने नको म्हटलं म्हणून दारू सोडलेला, विडी सोडलेला मुलगा मला अजून भेटलेला नाही.

मग करायचं काय? कायद्याकडून मला थोडीच आशा आहे. केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर 15 दिवसांची रजा मिळते, खासगी नोकरीत तसा कायदा नाही, आणि आपल्याकडचा रिक्षावाला, बागायतदार, खलाशी कुठल्याच रजेत बसत नाही. मला वाटतं आरोग्यखात्याने आणि घराने एकेक साधी गोष्ट करावी.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई बाळाला बघायला सहा वेळा घरी जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, स्तनपान बघते. आईला ताप, रक्तस्राव विचारते. या सहा भेटींत आईला तिच्या मनाचं विचारायचं बंधनकारक करा. दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली 1987 पासून जगात वापरली जाते, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आणि निदान दोन भेटींना बाळाचा बाप घरात हजर हवा, म्हणजे रात्री मूल कोण घेतं, आईला सलग झोप किती मिळते, हे त्याच्यासमोर विचारता येईल. माता-बाल संरक्षण कार्डावर बापाचं नुसतं नाव लिहून आम्ही त्याला मोकळा सोडला. हे जमण्यासारखं आहे का? गोव्यात 'संगाथ' या संस्थेने गावातल्याच साध्या आयांना शिकवून नैराश्य असलेल्या गरोदर बायकांकडे पाठवलं, 2019 साली त्याचे निष्कर्ष आले, आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या बायकांचं प्रमाण त्या भेटींमुळे वाढलेलं दिसलं. डॉक्टर नव्हत्या त्या, शेजारणीच होत्या. फक्त आशाताईला त्याचा वेगळा मोबदला द्या. तिच्या घरीही वाटाणे तीच भिजत घालते.

त्रास वाढलेला असेल तर थांबू नये. टेलिमानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आमच्याकडे मनाचा दवाखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रत्नागिरीचं मनोरुग्णालय येतं आणि तोंडं मिटतात. फोनवर बोलायला रत्नागिरीला जावं लागत नाही.

आणि घराने काम तोडून द्यावं, मदत मागू नये. सकाळची न्याहारी नवऱ्याची, म्हणजे डब्यात उडीद संपत आलेत हे बघण्यापासून तवा घासून पालथा घालण्यापर्यंत सगळी त्याची. मुलांची शाळा त्याची, म्हणजे ग्रुपवर नंबरही त्याचाच. मिनिटं सारखी झाली नाहीत तरी चालतील, पण त्या एका कामापुरतं बाईचं डोकं रिकामं झालं पाहिजे. तो विसरेल. विसरू द्या.

जावेचं हिमोग्लोबिन त्या गणपतीनंतर तपासलं ते 12.4, म्हणजे ठीकच निघालं. तरी एका दवाखान्यात लोहाच्याच गोळ्या मिळाल्या. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, आठ महिने औषध चाललं. डॉक्टरांनी दिराला समोर बसवून तास-दीड तास बोलून घेतलं. तेव्हापासून न्याहारी आणि वाटाणे त्याच्याकडे आहेत.

यंदाच्या गणपतीत तिसऱ्या रात्री तो विसरला. भजनाच्या नादात राहून गेलं. पहाटे मला जाग आली तर जाऊ उघड्या डोळ्यांनी वाशांकडे बघत पडली होती. "वाटाणे?" मी हळूच विचारलं. "रात्रीच आठवला माका," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली. दुसऱ्या दिवशी दिराने दुधीची भाजी केली. थोडी खारट झाली होती. 22 माणसं जेवून उठली.